रोटी बदलली की बेटीव्यवहार तुटतो

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारला जातो. कोणीतरी खिशातून किडके बोंड काढतो, नखाने फोडतो, आतली गुलाबी अळी तळहातावर घेतो आणि म्हणतो, "भाऊ, ही तीच अळी की दुसरी कुठली जात आली?" आमच्यातले जे पदवीवाले आहेत ते पहिल्यांदा "तीच, तीच" म्हणून मोकळे होत. नंतर आम्हालाच वाटू लागले की हा प्रश्न इतका सोपा नाही. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा जी अळी बोंडात शिरली की मरत होती, ती आज त्याच बोंडात बसून निवांत सरकी खाते आहे. रंग तोच, पतंग तोच, डोमकळी तशीच. पण वागणे दुसरे. मग तिला तीच म्हणायचे की दुसरी?

उत्तर देणार आहोत, पण थोडे लांबून. कारण नवी जात कशी फुटते हे एकदा नीट समजले तर यंदा डिसेंबरात आपण काय करायचे याचा निर्णय आपल्यालाच घेता येईल. कृषी खात्याच्या पत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.

आधी जात म्हणजे काय? पुस्तकात 'प्रजाती' असा जड शब्द आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर ज्यांच्यात बेटीव्यवहार होतो आणि त्यातून वंश पुढे चालतो, ती एक जात. (माणसांनी केलेल्या जाती या व्याख्येत कुठेच बसत नाहीत. निसर्गाच्या दप्तरात माणूस ही एकच जात आहे. पण तो विषय वेगळ्या बैठकीचा.) देशी कपाशी आणि अमेरिकन कपाशी शेजारी शेजारी लावा. मधमाशा इकडचे पराग तिकडे नेतात, पण दोघींच्या मिसळीची पऱ्हाटी आपसूक उगवून पुढे वंश चालला असे कोणी पाहिले नाही. देशीच्या पेशीत २६ गुणसूत्रे, अमेरिकनच्या पेशीत ५२. हिशेबच जुळत नाही. त्या दोन जाती.

आता ज्वारी घ्या. खरिपाची संकरित ज्वारी निसवते तेव्हा रब्बीची मालदांडी पेरलेलीही नसते. दोघींची पेरणी मागेपुढे करून फुलोरा एका वेळी आणला तर एकीच्या परागाने दुसरीचा दाणा भरतो, म्हणजे जात एकच. पण शेतात त्यांची गाठ पडत नाही. मध्ये डोंगर नाही, नदी नाही. शेत एक, बांध एक, सातबारा एक. आड येते ती फक्त तारीख. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचेच काम आहे.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो ते वेगळे होते. तिथे सांगितले होते की नवी जात व्हायला मध्ये डोंगर हवा, समुद्र हवा. एका कळपाचे दोन भाग दूर पडावेत, हजारो-लाखो वर्षे जावीत, मग कुठे जात फुटते. अर्न्स्ट मायर नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने १९४२ सालच्या पुस्तकात हे फार जोराने मांडले आणि पुढची कित्येक वर्षे तेच पाठ झाले. आम्हीही परीक्षेत तेच लिहून पास झालो. ते खोटे नाही. बहुतेक ठिकाणी तसेच घडत आले आहे. पण ते सगळे खरे नाही. जात एकाच शिवारातसुद्धा फुटू लागते, आणि तीही माणसाने पीक बदलले म्हणून.

याचा सर्वांत चांगला पुरावा अमेरिकेतला आहे. तिथे हॉथॉर्न नावाचे काटेरी झाड आहे. आपल्या बोरीसारखे समजा, लहान लहान तांबडी फळे लागतात. त्या फळांवर एक फळमाशी जगत असे. आपल्या बोरात, आंब्यात अळी निघते तशीच तिची रीत. मादी फळात अंडे घालते, अळी गर खाते, फळ खाली पडते, अळी मातीत शिरून कोष करते, हिवाळाभर झोपते आणि पुढच्या उन्हाळ्यात माशी होऊन बाहेर येते. वर्षाला एकच पिढी. अमेरिकेत सफरचंद नव्हते. ते युरोपातून गेलेल्या लोकांनी सतराव्या शतकात नेले. दोनशे-सव्वादोनशे वर्षे सफरचंदाच्या बागा उभ्या होत्या आणि ही माशी आपली हॉथॉर्नवर सुखात होती. मग १८६० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीच्या खोऱ्यातले बागायतदार ओरडू लागले, सफरचंदात अळी निघते आहे!

त्या वेळी बेंजामिन वॉल्श नावाचा माणूस इलिनॉय राज्यात होता. इंग्लंडातून आलेला, केंब्रिजमध्ये शिकलेला, पण तिथे येऊन त्याने वर्षानुवर्षे शेती केली, मग लाकडाचा धंदा केला, आणि उतारवयात किड्यांच्या मागे लागला. पुढे तो त्या राज्याचा पहिला कीटकशास्त्रज्ञ झाला. डार्विनशी त्याचा पत्रव्यवहार होता. वॉल्शने सांगितले की ही माशी बाहेरून आलेली नाही, हॉथॉर्नचीच माशी सफरचंदावर आली आहे. आणि जो किडा झाड बदलतो, तो झाडाबरोबर हळूहळू जातही बदलू लागतो. शेतात राबलेला माणूस होता म्हणून त्याला हे दिसले, असे आम्हाला वाटते. विद्यापीठांनी मात्र ही गोष्ट जवळजवळ शंभर वर्षे बाजूला ठेवली. १९६० च्या दशकात गाय बुश नावाच्या शास्त्रज्ञाने ती पुन्हा उकरून काढली आणि त्याच्या मागून आलेल्यांनी ती तपासून सिद्ध केली.

त्यांनी काय पाहिले ते नीट ऐका.

ही माशी जिथे खाते-पिते, तिथेच लग्न लावते. नर फळावर येऊन बसतो, मादी फळावर येते, जोडी तिथेच जमते. म्हणजे रोटीची जागा तीच बेटीव्यवहाराची जागा. ज्या माशीला सफरचंदाचा वास आवडला ती सफरचंदावर गेली, आणि तिथे तिला जोडीदार मिळाला तोही सफरचंदाच्याच वासाने आलेला. रोटी बदलली, बेटीव्यवहार आपोआप बदलला. कोणी बहिष्कार टाकला नाही, कोणी पंचायत बसवली नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. सफरचंद हॉथॉर्नपेक्षा तीन ते चार आठवडे आधी पिकते. माशीचे आयुष्य महिनाभराचे. जी माशी हॉथॉर्नच्या वेळेला कोषातून निघेल तिला सफरचंद बरेचसे संपलेले दिसणार. म्हणून सफरचंदावर टिकल्या त्या लवकर निघणाऱ्या माश्या. वर्षामागून वर्ष लवकरवाल्यांची लवकरवाल्यांशी आणि उशिरावाल्यांची उशिरावाल्यांशी गाठ पडत गेली. आपली खरिपाची आणि रब्बीची ज्वारी!

एकाच भागात हॉथॉर्न आणि सफरचंदाची झाडे असूनही १९८८ साली दोन्हींवरच्या माश्यांच्या रक्तातला फरक मोजून दाखवला गेला. पुढे असे आढळले की एका पिढीत शंभरापैकी चार ते सहाच माश्या इकडच्या तिकडे मिसळतात. तेवढी मिसळ अजून आहे, म्हणून शास्त्रज्ञ त्यांना अजून पूर्ण दोन जाती म्हणत नाहीत. जात फुटण्याच्या वाटेवर आहेत म्हणतात. दोघींच्या मिसळीच्या माश्यांना तर कोणत्याच फळाचा वास धड ओढत नाही. ना घरका ना घाटका. गंमत अशी की त्या अळीवर जगणारी एक बारीक गांधीलमाशी आहे, आपण जिला मित्रकीटक म्हणतो तशी. ती माशीच्या मागोमाग सफरचंदावर गेली आणि तिच्यातही तशीच फाटाफूट सुरू झाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. एका झाडाने दोन वंश हलवले.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. लवकर निघणे आणि उशिरा निघणे हा फरक सफरचंदाने निर्माण केला नाही. तो त्या माश्यांत आधीपासून होता. फार पूर्वी मेक्सिकोकडच्या माश्यांतून त्यातला बराचसा आलेला. सफरचंदाने फक्त निवड केली. आपण वाण निवडतो तशी. कणीस मोठे दिसले की ते बियाण्याला ठेवतो. मोठे कणीस आपण बनवत नाही, ते रानात असतेच.

डोंगराशिवाय भिंत उभी राहते याचा दुसरा पुरावा गवताचा आहे, तो थोडक्यात सांगतो. इंग्लंडला लागून वेल्स आहे. तिथे शिसे, जस्त, तांबे यांच्या जुन्या खाणी आहेत. खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग इतके विषारी की साधे गवत तिथे उगवून मरते. पण काही झाडे त्या विषातही टिकली, आणि ढिगावर त्यांचेच कुरण झाले. ढिगाची हद्द संपते तिथे दोन-चार पावलांवर साधे कुरण. पराग वाऱ्याने इकडून तिकडे उडतात. तरी दोन्हीकडचे गवत वेगळे राहिले. का? टोनी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात हे तपासले तेव्हा दिसले की हद्दीवरचे खाणीचे गवत शेजारच्या कुरणापेक्षा सुमारे आठवडाभर आधी फुलते. पुन्हा तारीख. चाळीस वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिले तर तो फरक तिथेच होता. खाणी काही लाखो वर्षांपूर्वीच्या नाहीत, माणसाने खणलेल्या आहेत.

आता आपल्या अळीकडे येतो.

गुलाबी बोंडअळी आपल्याकडे नवी नाही. १८४३ साली तिला शास्त्रीय नाव मिळाले ते भडोचच्या कपाशीवरचे नमुने पाहून. तिचे कपाशीच्या कुळाबाहेर फारसे भागत नाही. भेंडीवर थोडीफार, पण खरे घर कपाशी. आता हिरवी बोंडअळी पाहा. ती तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. त्या पिकांत बीटी नाही. तिथे वाढलेले पतंग बीटीला मरणाऱ्या वंशाचेच राहतात, ते कपाशीतल्या वाचलेल्यांशी जुळतात, आणि पुढची पिल्ले बीटीत पुन्हा मरतात. म्हणून हिरव्या अळीवर बीटी टिकून राहिले. ते आपल्या तुरीच्या ओळींनी टिकवले. त्याचे श्रेय तुरीला कोणी दिले नाही. गुलाबीला अशी दुसरी रोटी नाही. सगळे शिवार बीटी झाले तेव्हा तिच्यासमोर एकच ताट उरले आणि त्या ताटात विष. लाखात एखादी विष पचवणारी होती. ती वाचली. तिला जोडीदार मिळाला तोही वाचलेलाच, कारण बाकीचे मेले होते. ती अळी विषाने घडवली नाही, विषाने निवडली. खाणीच्या ढिगावरचे गवत आणि आपल्या बोंडातली अळी, हिशेब तोच.

२०१० साली जाहीर झाले की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत एका जनुकाच्या बीटीवर गुलाबी अळी टिकते आहे. दोन जनुकांचे बीटी २००६ पासून आले होते. दहाएक वर्षांत तेही गुलाबीपुरते गेले. २०१७ चा हंगाम तुम्ही पाहिला आहे. बोंडे हिरवी आणि आत कवडी. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने आपली माणसे मेली. त्या अळीने आपल्याकडून घेतलेली ही किंमत कोणत्याच बाजारभावात मोजता येणार नाही.

मग ही तीच की दुसरी? आमचे उत्तर असे: जात तीच. बेटीव्यवहार अजून तुटलेला नाही. विष पचवणारा पतंग आणि विषाने मरणारा पतंग यांची जोडी जमते आणि पिल्ले होतात. तो व्यवहार चालू आहे म्हणूनच आपल्या हातात अजून काही आहे. कारण ही विष पचवण्याची ताकद बहुधा आई आणि बाप दोघांकडून आली तरच पुरी पडते. एकाकडूनच आली तर पिल्लू बीटीच्या बोंडात मरते. म्हणजे मरणाऱ्या वंशाचे पतंग शिवारात भरपूर असले पाहिजेत, म्हणजे वाचलेल्याला वाचलेला जोडीदार मिळणार नाही.

यासाठीच ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटी सरकी येत असे. त्या पाकिटाचे आपण काय केले ते एकमेकांना विचारायला नको. बांधावर फेकले, गुरांना घातले. कोणी म्हणेल शेतकरी अडाणी. आम्ही म्हणतो, ज्याच्या पाच एकराच्या कपाशीवर पोरीचे लग्न आणि सोसायटीचे कर्ज दोन्ही अवलंबून आहे, त्याला "ही ओळ अळीसाठी लाव" एवढेच सांगून भागत नाही. का लावायची ते कोणी सांगितलेच नाही. पाकिटातले बी उगवायचे नाही अशाही तक्रारी होत्या. काही ठिकाणी तुरीचे बी दिले गेले. हिरव्या अळीसाठी ते ठीक, पण गुलाबी तुरीवर राहतच नाही. अलीकडे बिगरबीटी बी त्याच पिशवीत मिसळून देण्याची पद्धत आली आहे. उशीर झाला, पण दिशा बरोबर आहे. आम्ही हे का म्हणतो? चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात संकरित बीटीचे दुसऱ्या पिढीचे बी विकले जाऊ लागले, कारण ते स्वस्त पडते. दुसऱ्या पिढीत चौथा हिस्सा झाडे बीटी नसलेली निघतात. कोणी ठरवले नव्हते, पण शिवारभर आश्रय विखुरला गेला. गुलाबी अळीची वाढत चाललेली सहनशक्ती २०१० नंतर उलटी फिरली. हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे फवारणीने माणसे मरत होती, त्याच वर्षी. अमेरिकेत आश्रय ओळी कायद्याने लावल्या, वरून नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले, आणि २०१८ साली तिथल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे विमान नाही. पण तारीख आहे.

तारखेबद्दल आता स्पष्ट बोलू. गुलाबी अळी हंगामाच्या शेवटी दोन सरक्या जाळ्याने जोडून त्यात झोपते. सरकीबरोबर ती जिनिंगला जाते, घरातल्या ढिगात राहते, उभ्या पऱ्हाटीच्या वाळक्या बोंडात राहते. पाऊस पडला की पतंग निघतात. तेव्हा शिवारात पाते नसेल तर ते अंडी न घालता मरतात. फळमाशी आपले फळ संपल्यावर निघाली तर मरते तसेच. पण आपण काय करतो? ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो मे महिन्यात धूळपेरणी करून ओलित देतो, म्हणजे पहिल्या पतंगाला पाते तयार. आणि शेवटी फरदड ठेवून एप्रिलपर्यंत बोंड हिरवे राखतो, म्हणजे शेवटच्या अळीला झोपायचीसुद्धा गरज नाही. सफरचंद आणि हॉथॉर्नच्या मध्ये जो तीन आठवड्यांचा खंड होता, तो आपण आपल्या शिवारात ठेवतच नाही.

आणि भोगतो कोण? कोरडवाहूवाला. त्याची पऱ्हाटी डिसेंबरात वाळते. त्याला फरदडीचा एक बोरा मिळत नाही, पण जुलैत शेजारच्या फरदडीतले पतंग त्याच्या पात्यावर येतात. आम्ही इथे पाणीवाल्याला शिव्या द्यायला उभे नाही. फरदड कोणी हौसेने ठेवत नाही. खरिपाची वेचणी भावात बुडते, म्हणून माणूस वाळत्या पऱ्हाटीतून आणखी चार क्विंटल पिळून काढतो. भाव मिळाला असता तर त्याने हरभरा घेतला असता. शिवाय बाजारात जे संकरित वाण आहेत ते बहुतेक लांब मुदतीचे, झाड वाढतच राहते. दीडशे दिवसांत आटोपणारे, दाट लावता येणारे सरळ वाण, ज्यांचे बी घरी ठेवता येईल, ते आमच्या जिल्ह्यात वेळेवर आणि पुरेसे मिळाले पाहिजेत. ही मागणी आम्ही पुन्हा करतो आहोत. फरदड बंद करा असे फुकट सांगणाऱ्या सरकारने आधी एवढे करावे.

पण सरकार येईपर्यंत अळी थांबत नाही. एकट्याने पऱ्हाटी उपटून काही होत नाही, पतंग बांध ओळखत नाही. गावाने मिळून केले तरच खंड पडतो. म्हणून आजच्या बैठकीत आम्ही ठराव मांडत नाही, माहिती मागतो. प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीला येताना गाववार तीन गोष्टी लिहून आणायच्या. कापसाची शेवटची वेचणी कोणत्या आठवड्यात होते, किती शेतांत फरदड राहते आणि ती ठेवणाऱ्यांना ती मोडायला काय लागेल. तिसरी गोष्ट त्यांच्या बांधावर जाऊन, त्यांच्याच तोंडून ऐकायची, आपल्या मनाने लिहायची नाही. जिनिंगवाल्यांशी सरकीच्या ढिगाबद्दल बोलायला कोण कोण जाणार, त्यांनी चहानंतर इथेच थांबावे.